परत येणारा उजेड

भरतेशशेठच्या शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नसे, म्हणूनच तिथे सगळे मनमोकळं बोलत.

इचलकरंजीत धोट्याचे जुने माग आता थोड्याच शेडमध्ये उरले होते. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आपटतो, परत फिरतो. शेडभरचे माग एकदम सुरू झाले की शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसतो. म्हणून इथल्या कामगारांनी फार पूर्वीच हातांची एक बोली तयार केली होती. मनगट झटकलं की धागा तुटला. मूठ पोटावर ठेवली की जेवायची वेळ. दोन्ही तळहात समोर धरले की थांब, माग बंद कर. हे झालं कामापुरतं. पण त्याच हातांनी सोयरिकी जुळत, भांडणं मिटत, आणि शेठ जिना उतरायला लागले की पोटापुढे घागर धरल्यासारखा हात शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला क्षणात पोचे. शेठ आत येत तेव्हा सगळे माना खाली घालून कामात असत.

बाळगोंडा मगदूम हे या शेडमधले सगळ्यात जुने विणकर. आयुष्यभराच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते तोंडाने बोलले की गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. त्याची लाज वाटून त्यांनी तोंडाने बोलणं जवळजवळ सोडलं होतं. घरीही ते हातांनीच बोलत. बायको वारल्यापासून घरात ते आणि मुलगी त्रिशला, एवढेच होते. त्रिशला हातांची बोली तोंडाच्या बोलीबरोबरच शिकली. लहानपणी लाइट गेली की अण्णा तिचा हात पुढ्यात ओढून घेत आणि त्याच खुणा तिच्या तळहातावर करत. अंधारात गुदगुल्या होत आणि गोष्टही कळे.

शेडमध्ये प्रत्येकाच्या नावाची एक खूण असे. पलीकडच्या मागांवरचे दस्तगीर मुजावर म्हणजे हनुवटीवरून खाली ओढलेली चिमूट, कारण त्यांची दाढी टोकदार होती. त्रिशलेच्या नावाची खूण मात्र शेडमध्ये कुणाला माहीत नव्हती. ती लहान असताना उरलेलं सूत करंगळीभोवती गुंडाळत बसायची. म्हणून उजव्या हाताचं बोट डाव्या करंगळीभोवती फिरवलं की त्रिशला. ती फक्त घरातली खूण होती.

ती इंजिनियर झाली आणि कोल्हापूरजवळच्या एका दिव्यांच्या कंपनीत लागली, त्याच वर्षी अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. विणकराला उभ्या धाग्यांच्या पांढऱ्या ताण्यात तुटलेला पांढरा धागा दिसावा लागतो. तो दिसला नाही तर कापडात रेघ पडते. बोट कुठे आहे ते दिसलं नाही तर त्याहून वाईट होतं.

"काम सोडा आता," त्रिशला हातांनी म्हणाली.

"सोडून कुणाशी बोलू?" अण्णा म्हणाले. "गल्लीत हात हलवले तर पोरं हसतात. तिथं शेडभर माणसं माझ्याशी बोलत्यात."

तिच्याजवळ एक दिवा होता.

*

विहिरीत सूर मारणाऱ्यांनी एक गंमत पाहिलेली असते. पाण्याखाली जाऊन डोळे उघडून वर बघा. सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा झालेला असतो. त्यात आकाश दिसत नाही, विहिरीचाच तळ दिसतो. कारण पाण्यातून फार तिरपा निघालेला उजेड बाहेर पडूच शकत नाही. तो पृष्ठभागावर आपटून परत खाली येतो.

एलईडी दिव्याच्या आतला उजेड असाच विहिरीच्या तळाशी जन्मतो. सरळ वर निघाला तो खिडकीतून सुटला. तिरपा निघालेला आपटतो, परततो, पुन्हा आपटतो आणि शेवटी आतच जिरून त्याची उष्णता होते. आपण विजेतून उजेड तयार करतो आणि त्यातला बराचसा दिव्याच्या पोटातच मरतो.

त्रिशलेच्या विभागात त्यासाठी पॉलिमरचा एक पातळ, पारदर्शक पापुद्रा बनत असे. दारापुढे रांगोळीचा नक्षीदार रूळ फिरवतात ना, तसा एक रूळ मऊ पॉलिमरवरून फिरवायचा. रुळावर केसाच्या जाडीपेक्षाही बारीक वाट्या कोरलेल्या असतात. पापुद्रा कडक झाला की त्यावर तसलेच बारीक घुमट उमटतात, एकाला एक चिकटून, लक्षावधी. हा पापुद्रा दिव्यावर बसवला की आरसा मोडतो. सपाट छताला तिरपा धडकणारा उजेड घुमटाच्या उताराला मात्र समोरासमोर भेटतो आणि बाहेर निसटतो. वीज तेवढीच, उजेड मात्र जवळजवळ दुप्पट.

पापुद्र्याचे दिवे चाचणीसाठी कुठे लावायचे, असं ओगले मॅडमनी विचारलं, तेव्हा त्रिशलेने भरतेशशेठच्या शेडचं नाव सांगितलं. डॉ. चारुशीला ओगले या तिच्या विभागप्रमुख. आवाज कधी न चढवणाऱ्या आणि प्रत्येकाच्या घरची चौकशी करणाऱ्या.

दिवे लागले त्या सकाळी त्रिशला शेडच्या दारात उभी होती. अण्णा आपल्या मागाशी वाकले. मग त्यांनी मान वर केली आणि ताण्यावरून बोट अलगद फिरवलं.

"एकेक धागा दिसालाय," ते हातांनी म्हणाले.

पलीकडून दस्तगीरमामांचे हात हलले. "मग आता माझं तोंडबी नीट बघून घे. इतकी वर्षं मला देखणा समजत होतास!"

"दिसलं," अण्णा म्हणाले. "शेठला सांगून तुझ्यावरचा तेवढा दिवा काढायला लावतो."

अख्खी शेड हसली. त्या हसण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले.

त्रिशलेने तसलाच एक दिवा घरी स्वयंपाकघरात लावला. अण्णांना आता तिचे हात ओट्यापलीकडूनही दिसत.

*

आरशात मला तुमचे डोळे दिसत असतील तर तुम्हालाही माझे दिसत असतात. उजेडाचा हा नियम फार जुना आणि फार पक्का आहे. तो ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. घरातून बाहेर पडणं सोपं करणारं दार आत शिरणंही सोपं करतं.

आणि एलईडीला दुहेरी स्वभाव असतो. वीज दिली तर ती उजेड देते, आणि तिच्यावर उजेड पडला तर ती किंचितशी वीज देते. विझलेली एलईडी एखाद्या नाजूक मीटरला जोडून उन्हात धरा, काटा हलेल. एरवी ही वीज इतकी थोडी असते की तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण पापुद्र्याच्या दिव्यांमध्ये ती बरीच जास्त येत होती. दिवा सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो, आपल्या डोळ्याला ते कळत नाही. लुकलुकण्याच्या मधल्या प्रत्येक काळोख्या क्षणी खोलीतला उजेड घुमटांतून आत येत होता. प्रत्येक घुमट थोड्या वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला, चतुराच्या डोळ्यातल्या भिंगांसारखा.

हे त्रिशलेच्याच लक्षात आलं. नको असलेली गडबड म्हणून तिने ते ओगले मॅडमना दाखवलं.

मॅडमनी त्या विजेचा आलेख जवळ ओढला. "त्रिशला, ही गडबड नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझा दिवा बघतोय."

त्या दिवशी त्रिशलेला आनंदच झाला होता. दिवा बघू शकत असेल तर तो थांब म्हणणारे हातही बघेल. कुणाची ओढणी मागाच्या पट्ट्यात अडकली आणि समोरच्याने दोन्ही तळहात धरले की दिवाच माग बंद करेल. कल्पना तिचीच. मॅडमनी ती तिथल्या तिथे उचलून धरली. "फक्त तेवढी एक खूण कशाला? सगळी बोली शिकव त्याला. अर्धवट कळणाऱ्याचा घोटाळा होतो."

मग कितीतरी रविवार बापलेक स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसले. अण्णा एकेक खूण करत, त्रिशला अर्थ सांगे, दिव्याला जोडलेलं यंत्र शिके. इतकं कौतुकाने आपल्याला कुणी काही विचारेल असं अण्णांना कधी वाटलं नव्हतं. शेठच्या घागरीची खूणसुद्धा त्यांनी हसत हसत करून दाखवली.

"हे पण?" त्रिशलेने विचारलं.

"असू दे की. दिव्याला काय कळतंय शेठ कोण ते!"

पुढे धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका मुलीची ओढणी खरंच पट्ट्यात गेली. समोरून तळहात वर झाले आणि माग जागच्या जागी थांबला. मुलगी वाचली. भरतेशशेठनी सगळ्यांना पेढे वाटले, दस्तगीरमामांनी दिव्याला सलाम ठोकला. शहरातल्या सगळ्या शेडनी तसे दिवे मागवले. मग महापालिकेने रस्त्यावर लावले, मग एसटी स्टँडवर, शाळांत, दवाखान्यांत. वीज निम्मी लागत असताना नाही कोण म्हणणार? घरगुती दिव्यांमधली नजर बंद असते, असं कंपनीने पत्रकात छापलं होतं. त्रिशलेने ते वाचलं होतं, आणि शिकवणी संपल्यावर आपल्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचीही नजर बंद झाली, असं तिला खरंच वाटलं होतं.

*

तिचं आता रोजचं एक काम होतं. यंत्राला जिथे शंका येई ती वाक्यं तिच्या पडद्यावर येत. बाजूला हातांचं छोटं हलतं चित्र, खाली यंत्राने लावलेला अर्थ, आणि प्रश्न: अर्थ बरोबर आहे का? हो किंवा नाही. शेवया मोडाव्यात तशी ती भराभर हो-नाही करत जाई. कुणाची सासू आजारी होती, कुणाला चहा हवा होता. ओळखीच्या शेडमधले विनोद आले की ती एकटीच हसे.

एका दुपारी वाक्य आलं: "मगदूमच्या शेवटच्या मागावर धागा तुटलाय. त्याला दिसला नाही. तो इकडे बघायच्या आत बांधून ये."

अर्थ अगदी बरोबर होता. तिने हो दाबलं.

बोट कळीवरून उठल्यावर तिने चित्राकडे पाहिलं. टोकदार दाढी. तिने मागची वाक्यं काढली. यंत्राला शंका नव्हती म्हणून ती तिच्यापर्यंत आलीच नव्हती. महिनोन् महिने शेडमधले सगळे आळीपाळीने अण्णांचे धागे बांधत होते. दिव्याने उजेड वाढवला होता, पण काचबिंदू त्याहून पुढे गेला होता. अण्णांना आता कडेचं काहीच दिसत नव्हतं. ते आपल्या एका मागाकडे वळले की पाठीमागच्या मागावर कुणीतरी पटकन येऊन जाई. अण्णांना न कळू देता.

ती धावत मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, ही वाक्यं आणखी कुणाकडे जातात?"

"ज्याची शेड त्याच्याकडे. त्याने पैसे मोजलेत ना गं दिव्याचे."

"पण आपण अपघातासाठी..."

"अपघातासाठीच. ज्याला धागा दिसत नाही त्याला पट्टा दिसेल का?" मॅडमच्या आवाजात खरी काळजी होती. "तुझे वडील आहेत ना ते? मग तुला तर बरंच वाटायला हवं."

सगळ्यात वाईट हे होतं की मॅडम चुकीचं बोलत नव्हत्या.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दस्तगीरमामा चपला न काढता उंबऱ्याशी उभे होते. अण्णा खुर्चीत बसले होते. शेठनी दोघांनाही वर बोलावलं होतं. अण्णांना हार घालून घरी पाठवलं. मामांना दुसऱ्याचे धागे बांधल्याबद्दल कोपऱ्यातले वाईट माग दिले.

"शेठनं माझं बोलणं मला वाचून दाखवलं, पोरी," मामा तोंडाने, जोरात म्हणाले. त्यांचेही कान अधूच होते. "शब्दन् शब्द. घागरीचंबी. आमच्यातलं कोण फुटलं म्हणून मी दिवसभर एकेकाचं तोंड बघत बसलो. शेजाऱ्याशी भांडलो मी आज."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग फक्त एक बोट वर केलं, छताकडे.

ती नाही म्हणू शकली असती. तिने मान हलवली. हो.

अण्णांनी ते बोट खाली घेतलं. कितीतरी वर्षांत त्या घरात न ऐकलेला त्यांचा आवाज फुटला, मोठा, खरखरीत, गल्लीच्या टोकाला जाणारा.

"दिवा बंद कर."

तिने बंद केला. पुन्हा लावला तेव्हा अण्णांचे दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात होते.

*

ते हात खिशातच राहिले. जेवताना बाहेर येत, ताट धुताना येत, पण बोलण्यासाठी नाही. त्रिशला समोर बसून हातांनी विनवी. ते बघत आणि मान वळवत. तिने अंधारात त्यांचा हात धरून तळहातावर काही सांगू पाहिलं, तर त्यांनी तो सोडवून घेतला. रागाने नव्हे. गरम भांड्याला हात लागल्यावर घेतो तसा.

ती मॅडमकडे पुन्हा गेली. "एकतर्फी पापुद्रा नाही का करता येणार? उजेड बाहेर जाईल, पण आत येणार नाही असा?"

"तू शिकलेली आहेस," मॅडम म्हणाल्या. "तूच सांग."

तिला माहीत होतं. घुमट असतील तर दार दोन्हीकडून उघडं. दार लावायचा एकच मार्ग, घुमट बुजवायचे. त्यांच्यामधल्या बारीक दऱ्या दुसऱ्या एखाद्या पारदर्शक चिकट पदार्थाने भरल्या की पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो, पुन्हा विहीर, पुन्हा आरसा. दिवा आंधळा होतो. आणि उजेड निम्मा होतो. अण्णांसारख्या माणसाला त्या निम्म्या उजेडात समोरचे हात दिसत नाहीत. भरपूर उजेडात बोललं तर दिवा ऐकणार, आणि कमी उजेडात बोललं तर अण्णांना दिसणार नाही.

दरम्यान शहरात एक नवीन गोष्ट घडत होती. तिच्या पडद्यावर येणारी वाक्यं कमी होत गेली. आधी विनोद थांबले. मग सासू, सोयरिकी, चहा. शेडमधली माणसं हात मांड्यांना चिकटवून उभी राहू लागली. मूकबधिर शाळेतल्या बाईंनी सांगितलं की मुलं वर्गात टेबलाखाली हात धरून बोलतात, आणि टेबलाखालचं एकमेकांना दिसत नाही म्हणून रडतात. एसटी स्टँडवर निरोप घेताना लोक हात हलवण्याआधी वर बघून घेत.

आणि मग दस्तगीरमामांचा हात पट्ट्यात सापडला.

त्रिशलेने ते चित्र पाहिलं. तिला पाहावंच लागलं, कारण दिव्याने माग वेळेवर का थांबवला नाही असा प्रश्न कंपनीपुढे होता. कोपऱ्यातला माग. मामा वाकलेले. सदऱ्याची बाही पट्ट्याकडे ओढली जाते आहे. समोर एक तरुण विणकर. त्याला ती दिसली आहे, त्याचं तोंड उघडलेलं आहे. त्याचे हात मांड्यांवरून उठतात, थबकतात. तो वर दिव्याकडे बघतो. मग तळहात समोर येतात.

दिव्याने आपलं काम चोख केलं होतं. खूण होताच त्याने माग थांबवला होता. फक्त खूण यायला उशीर झाला होता.

सरकारी दवाखान्यात मामांच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. दोन बोटं गेली होती.

"आता माझी जीभ बोबडी झाली," मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "धागा तुटला म्हणायला जातो आणि पोरांना वाटतं मी पाणी मागालोय."

त्रिशलेने छताकडे पाहिलं. तिथेही तोच दिवा होता. ती मामांच्या चांगल्या कानाशी वाकली, ओठांपुढे ओढणी धरली.

"मामा, सायझिंगची खळ असते ना, सुताला लावायची? पातळ करून दिव्यावर लावा. फडक्याने, दाबून. वाळली की तो आंधळा होतो."

मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि उजेड?"

"जुन्या दिव्याएवढा राहील."

"जुन्यात काय आमची आयुष्यं गेली न्हाईत?" मामा म्हणाले. मग हळू आवाजात, "बाळगोंडाला सांगू?"

"सांगा. माझ्याशी ते बोलत नाहीत."

*

पुढच्या आठवड्यात दिवे आंधळे व्हायला लागले. आधी एका शेडमधला एक. मग त्या रांगेतले सगळे. मग शाळेतले. इचलकरंजीत खळीला तोटा नाही. प्रत्येक सायझिंगच्या कारखान्यात ती रोज पिंपांनी शिजते.

कंपनीत कुणी ओरडलं नाही. ओगले मॅडमनी त्रिशलेला बोलावून तिच्या पुढ्यात कामाची नवी यादी ठेवली. "आंधळं होण्याआधी प्रत्येक दिव्याने एक शेवटचं चित्र पाठवलंय. त्याच्यावर खळ फासणाऱ्या माणसाचं. सगळेच वर बघतायत, त्यामुळे चेहरे छान आलेत. कुणी हातांनी काही बोललं असेल तर अर्थ तेवढा तपास." मग थांबून त्या म्हणाल्या, "ही युक्ती त्यांना सुचली कशी, तेही कळेलच हळूहळू. तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे?"

त्रिशला आपल्या जागेवर येऊन बसली. बाहेर लख्ख दुपार होती, तरी तिच्या टेबलावरचा पापुद्र्याचा दिवा चालूच होता. त्याच्या उजेडात कसलीही सावली पडत नसे.

चित्रं येत गेली. फडकं धरलेले हात, वर बघणारे चेहरे. बहुतेक जण मुकाट्याने पुसत होते. एका विणकराने दिव्याला घागरीची खूण केली होती. तिला हसू आलं नाही. तिने सगळीकडे नाही, नाही, नाही दाबलं. अर्थ बरोबर नाही. अर्थ बरोबर नाही.

पुढचं चित्र उघडलं आणि तिचा हात थांबला.

निळ्या फरशीचा ओटा. भिंतीला टेकवलेली परात. तिचं स्वयंपाकघर. घरगुती दिव्यांमधली नजर बंद असते, असं ज्या पत्रकात छापलं होतं ते तिच्याच खणात होतं.

अण्णा स्टुलावर चढले होते. स्टुलाच्या कडा त्यांना दिसत नसणार, पाय चाचपून ठेवलेले होते. ओट्यावर खळीची वाटी आणि फडकं. त्यांनी दिव्याकडे तोंड केलं, थेट तिच्याकडे बघितल्यासारखं. मग खिशातून दोन्ही हात बाहेर काढले.

ते सावकाश बोलले, लहान मुलाला शिकवावं तसे, म्हणजे दिव्याला नीट कळावं.

यंत्राने खाली अर्थ लावला होता: "(माहीत नसलेली खूण) घरी ये. अंधार करालोय. तळहातावर बोलू. मी रागावलो न्हाई. मला भीती वाटत होती."

मग फडकं वर आलं, आणि चित्र दुधासारखं पांढरं होऊन संपलं.

त्रिशलेने ते पुन्हा लावलं. उजव्या हाताचं बोट, डावी करंगळी, एक वेढा, दोन वेढे. माहीत नसलेली खूण. इतक्या रविवारी शिकवलेल्या सगळ्या बोलीत एवढीच राहिली होती, कारण दिव्याला त्रिशलेशी काय काम, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

पडद्यावर चौकोन उघडला: या खुणेचा अर्थ सांगा.

ती सांगणार नव्हती. ही खूण कळली की स्टुलावरचा म्हातारा कुणाला बोलावतो आहे ते कळेल, आणि दिवा आंधळा करायला त्याला कुणी शिकवलं तेही. एवढं एक तरी राहू दे बाहेर. तिने चेहरा कोरा ठेवला आणि टाइप केलं: काही अर्थ नाही.

पडदा क्षणभर तसाच राहिला. मग जुनं वाक्य गेलं आणि त्या जागी दोन छोटी चित्रं शेजारी शेजारी आली. डावीकडे अण्णांचे हात होते. उजवीकडचे हात तरुण होते, टेबलाच्या कडेवर टेकलेले, वरून काढलेले, सावली नसलेले.

तिने खाली पाहिलं. तिचं उजवं बोट डाव्या करंगळीभोवती होतं, कधीपासून कोण जाणे.

चित्रांखाली नेहमीसारखाच नम्र प्रश्न होता: "आत्ता तुम्ही केलेली खूण हीच आहे का?"

आणि त्याखाली, नेहमीसारखीच, हो आणि नाही.